अण्णांचं वेबिल

"बाई, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता म्हणून विचारतो. २०५० साली दासगाव बुडणार असेल तर न्हाणीघराच्या फरश्या आत्ता बदलू, की मासे आत शिरल्यावर बदलू?"

वईपलीकडून अण्णांचा आवाज. मे सरत आला की आमच्याकडे कुंपणाची डागडुजी निघते, आणि डागडुजी निघाली की गप्पा निघतात. काम किती होतं ते विचारू नये. अण्णा एसटीत कंडक्टर होते, महाड डेपोला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण समोरच्याने सुटे पैसे काढावेत अशा नजरेने अजून बघतात. काकी ओटीवर आमसुलं उलटत होत्या आणि आपलं इकडे लक्षच नाही असं दाखवत होत्या.

"बुडणार असं कोण म्हणालं?"

"परवा पंचायतीच्या हॉलात तो मुंबईचा पोरगा आला होता ना! पडद्यावर नकाशा लावलान्. खाडीच्या दोन्ही अंगांना निळा रंग. निळा कुठपर्यंत, तर आमच्या मागच्या फणसापर्यंत. मी उठून विचारलं, बाबा रे, फणस यंदा चांगला धरलाय, उतरवून घेऊ का? सगळे हसले. त्याला वाटलं म्हातारा अडाणी आहे."

"अडाणी नाही, आगाऊ," काकी आमसुलांकडे बघूनच म्हणाल्या.

तसला नकाशा मी आधी पाहिला होता. २०१९ च्या ऑक्टोबरात क्लायमेट सेंट्रल नावाच्या अमेरिकेतल्या संस्थेने किनाऱ्यालगतच्या जमिनीची उंची नव्याने मोजून एक अभ्यास काढला. जमीन आधी समजत होते त्यापेक्षा सखल निघाली. वर्षातून एखाद्या मोठ्या उधाणाला २०५० पर्यंत कुठली जमीन पाण्याच्या पातळीखाली येऊ शकते, ते त्यात दाखवलं होतं. बंधारे, भिंती वगैरे हिशेबात धरले नव्हते. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी मथळा आला, मुंबई बुडणार. ‘येऊ शकते’चं ‘बुडणार’ व्हायला एक रात्र पुरली.

हे मी अण्णांना सांगितलं. त्यांना तेवढंच हवं होतं.

"म्हणजे मी म्हणत होतो तेच! अहो, मुंबई बुडणार म्हणून छापतात आणि त्याच मुंबईत समुद्रात भर घालून कोस्टल रोड बांधतात. समुद्र दिसणाऱ्या फ्लॅटचा भाव उतरलाय का? बँक वीस-वीस वर्षांचं कर्ज देते त्याच्यावर. बँकेला कळत नाही होय?"

"बँकेला वीस वर्षांपुरतं कळतं, अण्णा. आणि समुद्र खोटं सांगत नाही. १९०१ पासून जगभरात सरासरी वीस सेंटिमीटर चढलाय. आता वर्षाला साडेतीन-चार मिलिमीटरने चढतोय."

"मिलिमीटर!" अण्णांनी हातातली सुतळी चिमटीत धरून मला दाखवली. "ही त्याच्याहून जाड असेल."

"दरवर्षी एकीवर एक ठेवत चला मग."

त्यावर अण्णा काही न बोलता घरात गेले. मला वाटलं, रागावले. तर हातात कागद घेऊन बाहेर आले. एसटीचं वेबिल. नोकरी सुटली तेव्हा डेपोतून गठ्ठाभर कोरी वेबिलं बरोबर आली होती. वाण्याची यादी, दुधाचा हिशेब, लग्नाचा आहेर, सगळं त्याच्या पाठीवर चालतं. ह्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने रकाने आखलेले होते: कोणी सांगितलं, कधी सांगितलं, काय येणार, आणि शेवटच्या रकान्यात एकच शेरा, वरपासून खालपर्यंत. ‘आली नाही.’

"हे काय?"

"पर्यावरणवाल्यांच्या गाड्या. टाइमटेबलला लावलेल्या, फलाटाला न लागलेल्या. वाचनालयात बसून काढल्यात. वाचा."

वईवरून मी कागद घेतला. अक्षर कंडक्टरचं, म्हणजे हलत्या गाडीत लिहिल्यासारखं, पण नोंदी खोट्या नव्हत्या. पहिलीच १९६८ ची. पॉल एर्लिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ लिहिलं, सत्तरच्या दशकात कोट्यवधी माणसं उपाशी मरणार म्हणून. त्याच्या आदल्या वर्षी पॅडॉक बंधूंनी तर १९७५ च्या दुष्काळाचा मुहूर्तच काढून हिंदुस्थानला मोडीत काढलं होतं, ह्यांना मदत पाठवून उपयोग नाही म्हणून. शेरा: आली नाही.

"बहात्तरचा दुष्काळ मला आठवतो," अण्णा म्हणाले. "रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो मिळायचा. आई भाकरी थापायची तर परातीतच तडकायची. शिव्या देऊन खाल्ला, पण खाल्ला. घाटावर लोकांनी खडी फोडली. पण ह्या साहेबाने सांगितलंन् तसे कोट्यवधी मेले नाहीत."

"मेले नाहीत, कारण खडी फोडायचं काम सरकारने काढलं, मिलो आला आणि गव्हाचं नवं बियाणं आलं. आपोआप नाही वाचलो आपण."

"ते झालंच. पण भाकितात बियाणं नव्हतं ना?"

ह्याला उत्तर नाही. नव्हतं.

दुसरी नोंद हिमयुगाची होती. १९७५ च्या आसपास परदेशी साप्ताहिकांनी पृथ्वी थंड होत चालल्याच्या बातम्या चालवल्या होत्या, त्याची. ती मी लगेच सोडली, कारण त्या काळातसुद्धा जास्त शास्त्रज्ञ तापमान वाढेल असंच लिहीत होते. गारठ्याची बातमी खपत होती एवढंच. तिसरी मात्र भारी होती, आणि ती काढताना अण्णांच्या मिशा हसत होत्या. हिमालय.

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००७ च्या अहवालात एक वाक्य होतं: हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत, किंवा त्याआधीच, नाहीशा होण्याची फार मोठी शक्यता आहे. गंगा कोरडी पडणार म्हणून आपल्याकडे हवा झाली. २००९ च्या नोव्हेंबरात आपल्याच भूगर्भ खात्यातले निवृत्त अधिकारी व्ही. के. रैना यांचा अहवाल जयराम रमेश यांच्या पर्यावरण मंत्रालयाने पुढे आणला. त्यात म्हटलं होतं, हिमनद्या मागे हटताहेत, पण एवढ्या झपाट्याने नव्हे. आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची जादूटोण्याचं शास्त्र म्हणून टर उडवली. आणि जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीनेच खेद व्यक्त केला. त्या वाक्याला नीट आधार नव्हता. जुन्या कागदातलं २३५० चं २०३५ झालं असावं, असाही एक कयास निघाला.

"तीनशे पंधरा वर्षं गाडी आधी सोडलीन्!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "माझ्या हातून तिकिटात रुपयाचा फरक पडला असता तर तपासनीसाने मेमो दिला असता. ह्यांना नोबेल."

नोबेल २००७ चं, ते चुकीचं वाक्य सापडण्याआधीचं, आणि एका वाक्याला दिलेलं नव्हतं. पण टोमणा बसला. मला तर त्या प्रकरणात आकड्यापेक्षा ती उडवलेली टर जास्त खुपते. चूक कोणीही करतो; चूक दाखवणाऱ्याला वेड्यात काढलं की पुढच्या खऱ्या इशाऱ्यालाही अण्णांसारखी माणसं हसणार, हे दिल्लीतल्या त्या शहाण्या माणसाला कळायला हवं होतं.

पुढची नोंद अल गोर यांची. २००९ मध्ये ते म्हणाले होते की पाच-सात वर्षांत उत्तर ध्रुवावर भर उन्हाळ्यात बर्फ उरणार नाही अशी दाट शक्यता आहे. आली नाही. मी म्हटलं, तिथला सप्टेंबरातला बर्फ चाळीस वर्षांत चाळीस टक्क्यांच्या आसपास घटलाय हेही लिहा. अण्णा म्हणाले, रकाना लहान आहे.

मग आपलं हवामान खातं. २००२: खात्याने सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला, पडला ८१. २००९: एप्रिलात ९६ टक्के सांगितला, पडला ७८. आणि सर्वात शेवटी, जागा उरली म्हणून की काय, मुंबई-गोवा हायवे. चौपदरीकरण २०११ पासून सुरू, पूर्ण होण्याच्या तारखा एकाखाली एक. प्रत्येकीपुढे आली नाही, आली नाही, आली नाही.

"हे पर्यावरणाचं भाकीत नव्हे."

"बाई, भाकीत ते भाकीत."

काकी ओटीवरून म्हणाल्या, "ह्यांचं स्वतःचं विचारा. पंचांगात यंदाच्या मृगाचं वाहन काय आहे ते सकाळपासून तीनदा सांगून झालंय."

अण्णांनी तिकडे दुर्लक्ष केलं. मी विचारलं, "अण्णा, निसर्ग वादळ कुठेय ह्यात? ३ जून २०२०. खात्याने आदल्या दिवशी सांगितलं होतं, रायगडच्या किनाऱ्याला लागणार. लागलं. तुमच्या गोठ्याचे पत्रे माझ्या परसात आले होते."

"ते आलंच की."

"मग लिहिलं का नाही?"

"आलेल्या गाडीची तक्रार कोण लिहितं?" अण्णा सहज बोलून गेले. बोलल्यावर त्यांना स्वतःलाच ते जरा खटकलं असावं, कारण ते वईची एक काठी उगाच हलवून बघायला लागले.

मी तेवढ्यात ओझोनचं काढलं. फ्रिज आणि फवारे यांच्यातल्या वायूंनी ओझोनचा थर विरतोय म्हणून केवढा गहजब झाला होता. मग १९८७ मध्ये माँट्रियलला करार झाला, ते वायू बंद करत आणले, आणि थर आता हळूहळू भरून येतोय. ही गाडी आली नाही, कारण वाटेत अडवली. तिच्यापुढे काय शेरा मारणार?

"‘रद्द’," अण्णा म्हणाले. "तसा शेरा असतो."

वास्तविक अण्णांचा राग शास्त्रावर नाहीच. खाडीकाठच्या माणसाचा भाकितावर विश्वास नसेल तर तो जगेल कसा? आमच्याकडे तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा. थोडंफार मागेपुढे होतं, खाडीत आत यायला पाण्याला वेळ लागतो तो धरायचा. अण्णा झोपेतसुद्धा हा हिशेब करतील. समुद्रावर त्यांचा भरवसा आहे. समुद्राबद्दल बोलणाऱ्यांवर नाही. आणि त्यांच्या मते ह्या बोलणाऱ्यांमुळे दुसरं कोणीतरी सुटतं. ते कोण, हे ऐकायला मी वईला टेकून उभी राहिले, कारण हा त्यांचा आवडता विषय.

"त्या पोराला मी शेवटी एक विचारलं. म्हटलं, बाबा, खाडीतला भराव तुझ्या नकाशात आहे का? त्याला भराव म्हणजे काय तेच माहीत नाही."

भराव म्हणजे कोकण रेल्वेचा. दासगावपाशी रूळ सावित्री ओलांडतात तिथे पुलाच्या दोन्ही बाजूंना मातीचा भराव आहे, आणि पुराचं पाणी त्यामुळे तुंबतं, तो काढून तिथे मोऱ्या किंवा खांब द्या, ही महाडकरांची जुनी मागणी. त्याच्या जोडीला नदीतला गाळ आणि बेटं. महाडला सावित्री, गांधारी, काळ अशा नद्यांचं पाणी एकत्र येतं, खाली खाडीला भरती असते, आणि मधे हा बूच. किती पाणी भरावामुळे चढतं आणि किती गाळामुळे, ह्यावर बैठका होत आल्या आहेत.

"१९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेब महाडच्या सत्याग्रहाला मुंबईहून निघाले ते बोटीने. उतरले कुठे? आपल्या दासगावला. तेव्हा बंदर होतं हे. आता आणा बघू तसली लाँच. चिखलात रुतून बसेल. आणि पूर आला की साहेब टीव्हीवर काय म्हणतो? हवामान बदल. संपलं! हवामान बदल म्हटलं की गाळ कोणी काढला नाही, डोंगर कोणी कापला, एमआयडीसीचं पाणी नदीत कसं आलं, सगळ्यांचा मेमो फाटला. अमेरिकेच्या गाड्यांचा धूर दोषी. अमेरिकेला कोण महाड कोर्टात उभं करणार?"

हे मला पटतं. पूर्ण पटतं. गाळावर बोलायचं नसलं की आभाळाकडे बोट दाखवणं सोयीचं असतं. पण अण्णांची गंमत अशी की साहेब आभाळामागे लपतो म्हणून ते आभाळच नाकारतात.

"अण्णा, २२ जुलै २०२१. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला. सावित्री तिथूनच निघते. भराव नसता तरी ते पाणी गेलं असतं कुठे?"

"पौर्णिमेच्या तोंडावर आला होता तो पूर," अण्णा म्हणाले. "त्रयोदशी. उधाणाचे दिवस."

"तेच म्हणते. वरून पाऊस, खालून उधाण, मधे बूच. तिन्ही लिहा ना. पुण्याच्या हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि मंडळींनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० पासून मध्य भारताच्या पट्ट्यात, त्यात आपला महाराष्ट्र येतो, अतिवृष्टीच्या मोठ्या घटना तिपटीने वाढल्यात. हे पुढचं भाकीत नव्हे. पडून गेलेल्या पावसाचा हिशेब आहे. हवा तापली की तिच्यात वाफ जास्त मावते, अंशामागे सात टक्के, आणि ती एकदम खाली येते."

काकी मधेच म्हणाल्या, "माझ्या भावाचं कपाट बघा हवं तर."

काकींच्या भावाचं महाडच्या बाजारात कापडाचं दुकान आहे. एकवीसच्या पुरानंतर मी काकींबरोबर तिथे मदतीला गेले होते. शिसवी कपाट, त्यांच्या वडलांच्या वेळचं. पाणी ओसरल्यावर त्याच्यावर तपकिरी रेघ उमटली होती, माझ्या डोक्याच्या वर हातभर. त्या रेघेच्या खाली, कमरेच्या जरा वर, जुनी एक रेघ होती, पॉलिश करूनही न गेलेली. ती २००५ ची. खण उघडेनात, लाकूड फुगलेलं. सुताराने पटाशीने दार उचकटलं तर आतल्या साड्यांच्या घड्या तशाच, नीट, एकावर एक, आणि प्रत्येक घडीत लोण्यासारखा मऊ गाळ. वास असा, की आठवडाभर जेवताना येत होता. भाऊ दोन्ही रेघांकडे बघून म्हणाले, तिसरीला जागा नाही, वर छतच आहे.

दोन हजार पाचचा विषय निघाला की आमच्या गावात बोलणं जरा अडखळतं. अण्णा गप्प झाले. काकींनी आमसुलांचं सूप बाजूला सरकवलं आणि पहिल्यांदाच आमच्याकडे बघून बोलल्या.

"त्या वर्षी कोणी भाकीत केलं होतं का हो? तुमच्या कागदावर आहे?"

नाही. कागदावर नव्हतं. २५-२६ जुलै २००५. दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. जवळपास दोनशे माणसं डोंगराखाली गेली, ह्या एका तालुक्यात. जगाने त्या दिवशी मुंबईचा पाऊस पाहिला. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३, तेवढ्याच दिवसात. इथली बातमी बाहेर पोचायला वेळ लागला, रस्ते बंद होते. पुढे दरडग्रस्तांनी पत्र्याच्या शेडमध्ये किती पावसाळे काढले ते गावाला माहीत आहे.

"कोणी नाही सांगितलं," अण्णा म्हणाले. "सांगितलंन् असतं तर ऐकलं असतं का, ते मला विचारू नको."

मी जरा थांबले. मग म्हटलं, "अण्णा, अजून एक कोरं वेबिल आहे का?"

"कशाला?"

"दुसऱ्या बाजूचा हिशेब. येणार नाही म्हणाले, आणि आली."

त्यांनी खिशातूनच काढलं. चौपदरी घडी केलेलं. पेन्सिल कानावर होती. मी सांगायच्या आत त्यांनी स्वतःच पहिली ओळ लिहिली, आणि मी वईवरून वाचली: २ ऑगस्ट २०१६, सावित्रीचा पूल. इंग्रजांच्या वेळचा. त्याच वर्षी मे महिन्यात तपासणी झाली होती, पुलाला धोका नाही असं नोंदलं होतं. पावसाच्या रात्री तो वाहून गेला आणि दोन एसट्या माणसांसकट नदीत गेल्या. पुढचं अण्णांनी काही लिहिलं नाही. तो पूल त्यांनी नोकरीत किती वेळा ओलांडला असेल ते मी विचारलं नाही.

मग मी सांगत गेले. १९ जुलै २०२३, इर्शाळवाडी, खालापूर तालुका. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत वाडीचं नाव नव्हतं, हे सरकारनेच सांगितलं. रात्री डोंगर आला. त्याच्या आधी, २०२१ च्या त्याच २२ जुलैला, आपल्या तळियेत ऐंशीहून जास्त माणसं गेली आणि पोलादपुरातही दरडी पडल्या. २०१४ मध्ये पुणे जिल्ह्यातलं माळीण, तेही दरडीखाली. बुडणार म्हणणाऱ्यांची भाकितं फसली की आपण हसतो, वाचनालयात त्यांची यादी होते. काही होत नाही म्हणणाऱ्यांची फसली की त्याची यादी कोणी ठेवत नाही. श्रद्धांजलीचा फलक लागतो आणि पुढच्या पावसाळ्यात तो फाटतो.

"गाडगीळांचं लिहू का ह्यात?" अण्णांनी विचारलं. आवाजात अजून थोडी कुरबूर होती. "तो पश्चिम घाटाचा अहवाल. ते आलं तर घराला चिरा लावता येणार नाही, गोठा बांधता येणार नाही, असं आम्हाला सांगितलं होतं."

"कोणी सांगितलं होतं?"

अण्णांनी नाव घेतलं नाही, फक्त हायवेच्या पलीकडे डोंगराला पडलेल्या खदाणीकडे मान हलवली. मलाही नाव नको होतं. माधव गाडगीळांच्या समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. दुसऱ्यात तर रोख होता खाणी, खदाणी, रेती उपसा, औष्णिक वीज, प्रदूषण करणारे लाल यादीतले कारखाने आणि वीस हजार चौरस मीटरच्या वरची बांधकामं यांच्यावर. गोठा त्यात कुठेच नव्हता. पण खदाणवाल्याने गोठेवाल्याला पुढे उभं केलं आणि गोठेवाला ग्रामसभेत तावातावाने बोलला. केंद्राने अधिसूचनेच्या मसुद्यावर मसुदे काढले. सहावा निघाला ३१ जुलै २०२४ ला, वायनाडला डोंगर कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी. हासुद्धा एक शेराच म्हणायचा.

"मी बोललो होतो त्या ग्रामसभेत," अण्णा म्हणाले.

"टाळ्या पण घेतल्या होत्या," काकी म्हणाल्या. "आता ते राहू द्या. मला एवढंच सांगा, ह्या पावसात उठायचं कधी? दोन हजार पन्नासचं मला नको. मी तेव्हा असणार नाही. जुलैचं सांगा. त्या मोबाइलवर लाल रंगाचा मेसेज दर आठवड्याला येतो आणि हे दर वेळी कूस बदलून झोपतात."

"दर आठवड्याला येतो म्हणूनच," अण्णा म्हणाले. "अख्ख्या रायगड जिल्ह्याला एकच लाल रंग. अलिबागला पाऊस पडणार म्हणून मी दासगावात उठू का?"

हेही खरंच आहे. जिल्हा केवढा, डोंगर केवढे, आणि मेसेज एक. पण तेवढ्यासाठी झोपून राहायचं हे मला पटेना. मग वईच्या दोन बाजूंना उभं राहून आम्ही घासाघीस केली, बाजारात मासळीच्या वाट्यावर करतात तशी. अण्णा म्हणाले, महाबळेश्वरला दिवसात चारशेच्या वर गेला तर विचार करू. मी म्हटलं दोनशे. तीनशेवर तुटलं. आकडा मी शाळेतल्या फोनवर बघून कळवायचा. पोलादपूरला काय चाललंय ते अण्णांनी डेपोतल्या जुन्या मित्रांना विचारायचं. घाटातून खाली येणाऱ्या ड्रायव्हरला नदीचा रंग सर्वात आधी कळतो. एकादशी ते तृतीया, म्हणजे उधाणाचे दिवस असले, तर तीनशेचं अडीचशे धरायचं. ही अट अण्णांनी आपणहून घातली, बोटांवर पाऊणपट करत.

"हे पाण्याचं झालं," काकी म्हणाल्या. "डोंगराचं?"

डोंगराला आकडा नाही. दोन-तीन दिवस सलग भिजला की मागचा पऱ्या बघायचा. पाऊस असून पाणी एकाएकी कमी झालं, किंवा एकदम लाल गढूळ झालं, तर थांबायचं नाही. विजेचा खांब, झाड कललेलं दिसलं, जमिनीला नवी भेग दिसली, तर सामान आवरत बसायचं नाही. काकींनी ह्या सगळ्यात एक भर घातली, जी कुठल्या सरकारी पत्रकात मी वाचली नव्हती: फणसाच्या वरच्या बाजूचा गडगा. पोट काढायला लागला तर समजायचं मागची माती सरकतेय. त्या रोज सकाळी शेण टाकायला जातात तेव्हा बघतात म्हणे. दोन हजार पाचपासून बघतात. अण्णांना हे माहीत नव्हतं.

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही वेबिलावर लिहिलं असतं, आली नाही म्हणून."

अण्णांनी दुसऱ्या कागदावर आमची सगळी बोलणी लिहून घेतली आणि खाली सही केली, तारखेसकट. मी साक्षीदार म्हणून करावी असा त्यांचा आग्रह, म्हणून मीही केली. रात्री निघायची वेळ आली तर जायचं कुठे, हे सोपं होतं: हायवेकडच्या अंगाला काकींच्या पुतण्याचं पक्कं घर आहे, डोंगरापासून लांब आणि खाडीपासून उंच. काय घ्यायचं त्यावर पुन्हा जुंपली. कागदपत्रं, औषधं, बॅटरी, गाईचं दावं सोडून द्यायचं, इथपर्यंत दोघांचं एकमत होतं.

"आणि टीव्ही," अण्णा म्हणाले. "नवीन आहे."

"टीव्ही मी उचलणार नाही," काकी म्हणाल्या. "तुम्ही त्याच्यावर २०५० चं बघत बसा."